आधीच वापरलेला कोड

बारा वर्षं होत आली. या बारा वर्षांत हे मी बायकोला सांगितलं नाही. आई गेली, तिलाही स्वतःच्या तोंडानं सांगितलं नाही. आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं ती माणसं तर माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहत होती. आज तुम्हाला सांगतोय. तुमची-माझी ओळख नाही ते बरंच आहे. ओळखीचा माणूस लगेच म्हणतो — सोड रे काशिनाथ, धंद्यात कोण नाही करत? मला ते ऐकायचं नाहीये.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको. मी वापरलेले व्हिडिओ गेम विकायचो. त्याची मला लाज वाटत नाही. काडीची नाही. तुम्ही या कागदात त्याबद्दलची माफी शोधणार असाल तर इथंच थांबा.

घणसोली गावात आमच्या घराच्या तळमजल्यावर माझं दुकान. नव्या शहरासाठी गावाच्या जमिनी गेल्यावर वडिलांनी घर वर वर चढवत नेलं. वर भाड्याच्या खोल्या, खाली मी. आज तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात, तेव्हा गेमच्या डिस्क होत्या. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांतली माणसं यायची, एक गेम संपवून परत द्यायची, दुसरा न्यायची. एकेक डिस्क गावातली पाच-सहा घरं फिरून यायची. कॉपी केलेली चोरटी डिस्क मी एकही विकली नाही. सगळा माल अस्सल, फक्त वापरलेला. यात कुणाचं काय चोरलं मी? आमच्याकडे लग्नाची मोठी पातेली अजून घरोघर फिरतात. पातेलं ज्यानं बनवलं त्याला कुणी विचारायला जातं का, की बाबा, शेजारच्या हळदीला देऊ का म्हणून?

पण गेमवाल्यांना ते खुपलं. त्यांनी कुलूप आणलं. डब्यात एक चिठ्ठी, चिठ्ठीवर अक्षरं आणि आकडे मिसळून लांबलचक कोड. कॉम्प्युटरवर गेम टाकायचा, इंटरनेट जोडायचं, कोड भरायचा — की तो गेम त्या माणसाच्या खात्याला कायमचा चिकटला. पुढे त्यानं ती डिस्क विकली, मित्राला दिली, अगदी सख्ख्या भावाला दिली, तरी दुसऱ्याकडे ती चालणार नाही. डिस्क म्हणजे नुसती चकती. म्हणजे तुम्ही विकत घेतलंत काय? वस्तू नाहीच. तुम्ही एकट्यानं खेळायची परवानगी तेवढी घेतलीत.

हे कुलूप चूक आहे. तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. नाक्यावरच्या चहावाल्याला विचारा. माझं हे भाषण त्याला पाठ आहे. मी सुरू झालो की तो म्हणतो, "शेठ, कटिंग देऊ का पूर्ण? आज लांबणार दिसतंय."

भाषणात चुकीचं काही नाही. पण एवढी वर्षं इतक्या तावातावानं मी ते का करत आलो, हे कुणी कधी विचारलं नाही. मीच सांगतो. त्या आवाजात मला जिन्यावरचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून.

थांबा. जिना नंतर येईल. आधी डबा.

कुलूप आलं तेव्हा माझ्याकडे कॉम्प्युटरचे वापरलेले गेम पडून राहायला लागले. घेणारा विचारायचा — कोड शिल्लक आहे का? नसायचा. मग मी एक उद्योग सुरू केला. श्रिंकचं पातळ प्लास्टिक आणायचं, डब्याला गुंडाळायचं आणि बहिणीच्या केस वाळवायच्या मशीननं गरम हवा मारायची. प्लास्टिक आवळून बसतं. डबा नवा कोरा. गिऱ्हाईक स्वतःच्या नखानं सील फोडतं, खूश होतं. पाच-सहा डबे असे गेले असतील. कोड चालला नाही की लोक भांडायला यायचे. मी गुपचूप दुसरा गेम काढून द्यायचो. बोभाटा होऊ द्यायचा नाही, एवढंच.

आई उंबऱ्याशी बसून सुकट निवडायची. एकदा तिनं मला ते मशीन फिरवताना पाहिलं. "जुना डबा हाय न तो? मंग त्याला नवा कशाला करतंस?" मी म्हटलं, आये, तुला नाही कळणार. तिला कळलं होतं. ती पुन्हा सुकटीकडे वळली.

वरच्या मागच्या खोलीत हणमंतराव राहायचे. साताऱ्याकडचे, एपीएमसीच्या कांदा-बटाट्यात माथाडी. पहाटे जायचे, दुपारी परतायचे, खांद्यावरचा रुमाल जिन्याच्या कठड्याला झटकूनच वर चढायचे. बायको, आणि एकच मुलगी — ऋतुजा. तेरा वर्षांची. कुणीतरी व्यापाऱ्यानं घरातला जुना कॉम्प्युटर त्यांना दिला होता, तो हणमंतरावांनी टेम्पोतून मांडीवर धरून आणला. त्यांचा भाऊ कळंबोलीहून ट्रक चालवायचा. हणमंतरावांनी जन्मभर ट्रक नुसते रिकामे केले, चालवला एकही नाही. आणि ऋतुजाला माझ्या काचेमागे ट्रक चालवायचा एक गेम दिसला. घाट, चढ-उतार, मागे भरलेला माल. शाळेत पहिली आलीस तर घेऊ, असं बापानं म्हटलं. ती आली.

दोघं दुकानात आली तो दिवस मला आठवतो. तुम्ही म्हणाल, आठवणारच. पण मला माझं पाप आठवत नाही त्या दिवसाचं, तो माणूस आठवतो. काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "मालक, ही चालवनार, मी शेजारी बसून क्लीनर. काय गं, ठेवशील ना कामाला?" ती म्हणाली, "आधी रिव्हर्स सांगता येतो का बघू."

मी त्यांना सील केलेला डबा दिला. मीच सील केलेला.

माहीत होतं का मला? हो. त्या डब्यातला कोड महाप्याच्या एका इंजिनियरच्या खात्याला चिकटून वर्ष झालं होतं. डबा काढताना हात एक क्षण थांबलाही होता — आपलेच भाडेकरू आहेत, म्हणून. मग मनाशी म्हटलं, भांडायला आले तर देऊ दुसरा काहीतरी. वरतीच तर राहतात.

त्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं. समोरच्या नव्या टॉवरमध्ये ऋतुजाची वर्गमैत्रीण होती, शलाका. तिच्याकडे होतं. म्हणून कोड भरण्यापुरता ती डबा घेऊन शलाकाकडे गेली. तिथल्या स्क्रीनवर उत्तर आलं — हा कोड आधीच वापरलेला आहे.

आता बघा, बाप काय समजला. बापाला या कुलपाचं काय माहीत? त्याला एवढं दिसलं — नवा कोरा डबा, सील आपल्याच हातानं फोडलं, चिठ्ठी घेऊन पोरगी टॉवरमधल्या मैत्रिणीकडे गेली, आणि परत आली तेव्हा कोड वापरलेला. म्हणजे पोरीनं तो मैत्रिणीला दिला. मोठ्या घरच्या पोरीची मर्जी राखायला बापाचं बक्षीस देऊन टाकलं, आणि वर खोटं बोलते.

रविवारी सकाळी तो तिला घेऊन माझ्याकडे आला. भांडायला नाही हो! भांडायला आला असता तर मी दुसरा गेम काढून दिला असता आणि आज हे लिहीत बसलो नसतो. तो विचारायला आला.

त्या वेळी दुकानात एक माणूस उभा होता. एका मोठ्या वितरकाचा प्रतिनिधी. मला अधिकृत विक्रेत्याचा बोर्ड मिळणार होता. हा पठ्ठ्या मेजरिंग टेप घेऊन माझ्या शटरची रुंदी मोजत होता. त्याच्या देखत मी म्हणू — डबा मी पुन्हा सील केलेला आहे?

हणमंतराव म्हणाले, "मालक, तुमी शिकलेली मानसं. तुमीच सांगा. डबा नवा हुता न्हवं?"

मी म्हटलं, "सील तुमच्या हातानंच फोडलंत ना?"

"व्हय."

"मग? कोड एकदाच चालतो, हणमंतराव. कुणीतरी वापरल्याशिवाय असं येत नाही."

वाचा पुन्हा. एक शब्द खोटा नाही त्यात. सील त्यांनीच फोडलं. कोड एकदाच चालतो. कुणीतरी वापरलेलाच होता. इतकं स्वच्छ, इतकं धुतलेलं वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही. हणमंतरावांनी मान वळवली आणि पोरीकडे पाहिलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तिला काही माहीत नव्हतं. ती फक्त वाट बघत होती, की हे काका आणखी काहीतरी बोलतील.

प्रतिनिधी टेप गुंडाळत म्हणाला, "आजकल के बच्चे, पूछो मत." मी हसलो. हो — हसलो.

तुम्हाला वाटेल, त्या माणसामुळे जीभ अडकली. बरीच वर्षं मीही स्वतःला तेच सांगितलं. पण तो तर दहा मिनिटांत निघून गेला! त्यानंतर अख्खा रविवार होता. सोमवार होता. जिना माझ्या दुकानाला लागून आहे. वरचं ताट सांडलं तरी खाली कळतं. बारा पायऱ्या चढायच्या होत्या. मी चढलो नाही. मला कुणी अडवलं नव्हतं.

हणमंतराव टॉवरवर गेले. शलाकाच्या आईला दारातच विचारलं, तुमच्या पोरीनं आमचा कोड घेतला का. तिनं काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखा. शलाका पुन्हा ऋतुजाशी बोलली नाही. आणि त्या दिवसापासून रोज दुपारी जिन्यातून ऐकू यायचं. "खरं बोल." "मी नाही दिला." "मशीन खोटं बोलतंय का मालक खोटं बोलत्यात?" "मी नाही दिला, बाबा." मारहाण नाही. आरडाओरडा नाही. तोच प्रश्न, तेच उत्तर. पहिल्या दिवशी ती चिडून सांगत होती, दुसऱ्या दिवशी रडून. तिसऱ्या दिवशी नुसतंच सांगत होती.

आई उंबऱ्यावरून म्हणाली, "काशिनाथ, त्या पोरीचा काय गुना हाय रं?" मी टीव्हीचा आवाज वाढवला.

चौथ्या दिवशी दुपारी वरून आवाज आला, "हो. दिला. शलाकाला दिला. झालं?" आणि मग हणमंतरावांचा, एकदम मऊ झालेला — "आता कसं! खरं बोलली बघ माजी बाय."

मी खाली बसून ऐकलं. एका मुलीनं न केलेली गोष्ट कबूल केली आणि ज्यानं केली होती तो खाली काउंटरवर बोर्डाचा फॉर्म भरत होता. मला काय वाटलं, माहीत आहे? सुटलो असं वाटलं. मिटलं, असं. हे लिहायला मला बारा वर्षं लागली आणि हात अजूनही अडतोय, पण वाटलं ते हेच.

डिस्कचं काय झालं? कबुतरं फार होतात आमच्याकडे. लोक जुन्या चकत्या गॅलरीत दोऱ्यानं टांगतात, त्या उन्हात चमकतात आणि कबुतरं लांब राहतात. हणमंतरावांनी तो गेम गॅलरीत टांगला. सकाळी ऊन आलं की त्याचा कवडसा समोरच्या भिंतीवरून सरकत माझ्या शटरवर यायचा, नव्या बोर्डावरून फिरायचा. मी तिकडे पाठ करून बसायला शिकलो. बोर्ड तीन वर्षं टिकला. मग डिस्कच गेल्या. आता सगळं डाउनलोड. डबा घेतलात तरी आत चिठ्ठीच असते. कुलूप जिंकलं, दुकान हरलं, आणि मला भाषणाला आणखी एक मुद्दा मिळाला. चकती मात्र तिथंच फिरत राहिली.

घरात काही सापडेनासं झालं की हणमंतराव म्हणायचे, "बग, शलाकाला दिलंस का?" थट्टेनं. मायेनं म्हणा. ऋतुजाही हसायची. जिन्यातून मला ते हसणं ऐकू यायचं आणि ते थोडं उशिरा यायचं, नेहमीच.

तिचा साखरपुडा ठरला, तेव्हा आम्ही घरमालक म्हणून मानाच्या पंगतीत. हणमंतरावांनी व्याह्यांना कौतुकानं गोष्ट सांगितली. "आमची पोर जन्मात एकदाच खोटं बोलली. पन चार दिवसांत आपल्या तोंडानं कबूल केलं. असली पोर देतोय तुमास्नी." सगळे हसले. माझ्या ताटात जिलेबी होती. मी खाली बघून खाल्ली. तिथं उठून उभं राहायचं होतं, भर मांडवात — आणि मी दुसरी जिलेबी घेतली. वाढणाऱ्याला नाही म्हणता आलं नाही, असं म्हणायचंय का मला? नाही. मला हवी होती.

गेल्या वर्षी हणमंतराव गेले. गावी, झोपेत. मुलीचं ते एक खोटं आणि ते एक खरं डोक्यात घेऊन गेले. आता त्यांना दुरुस्त करून सांगायला कुणी जाऊ शकत नाही. मी तर नाहीच.

गेल्या महिन्यात ऋतुजा खोली रिकामी करायला आली. आता ती पंचविशीची आहे, तिच्या हाताखाली चार माणसं काम करतात. सामान खाली गेलं, मग ती किल्ली द्यायला दुकानात आली. दुसऱ्या हातात ती चकती, दोऱ्यासकट. म्हणाली, "काका, ही तुमच्याच दुकानातली ना? टाकून द्याल?" मी हात पुढे केला. घेतली. "देतो टाकून," म्हटलं. ती दुकानाच्या पायऱ्या उतरून गेली.

पुन्हा तेच. कुणी टेप घेऊन उभं नव्हतं, बोर्ड नव्हता, धोका म्हणाल तर नखाएवढाही नव्हता. तरी गप्प. तेव्हा मला कळलं की बोर्डाचा काही संबंधच नव्हता. मी असाच आहे.

म्हणून लिहायला बसलो. इथवर लिहून झालं आणि मी हे कागद घेऊन तिच्या ऑफिसखाली गेलो. म्हणजे ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगितलं नाही, हे सुरुवातीचं बोलणं आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. राहू दे. तिनं उभ्यानंच सगळं वाचलं. गाड्या जात होत्या, तिनं कागद दोन्ही हातांनी धरले होते. मी म्हटलं, छापायला देणार आहे, तुझं नाव बदलतो. ती म्हणाली, "नाव बदललंत तर उपयोग काय?"

मग एक पान मागे जाऊन तिनं बोट ठेवलं. चौथ्या दिवसावर. म्हणाली, "जिन्यातून तुम्हाला अर्धंच ऐकू आलं. बाबा चार दिवस घरी जेवले नव्हते. खरं बोलेपर्यंत जेवणार नाही म्हणाले होते. आई ताट वाढायची आणि झाकून ठेवायची. म्हणून मी हो म्हटलं. मग ते जेवले." कागद माझ्या हातात देत म्हणाली, "हे घाला त्यात." आणि लिफ्टकडे गेली. माफ केलं असं म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नव्हती.

घातलं आहे.

ते कुलूप चूकच आहे, मेलो तरी म्हणेन. पण कुलूप बनवणारा आमच्या जिन्याखाली बसलेला नव्हता. मी बसलो होतो. तेव्हा ते त्याच्या खात्यात ढकलू नका, आणि मी धंद्यातला साधा माणूस होतो असंही म्हणू नका.

काउंटरवर दोन्ही हात टेकून एक माणूस विचारत होता, त्याला द्यायचं उत्तर हे होतं:

हणमंतराव, डबा जुना होता. सील मी लावलं होतं. तुमच्या पोरीनं कोड कुणालाही दिलेला नाही.